अंक तेच, मग सूर वेगळा का?

अंकांची नक्कल मुळाबरहुकूम होते. मग एकाच गायनाच्या दोन डिस्क निराळ्या का वाटाव्यात? १९८२ साली बाजारात आलेल्या काँपॅक्ट डिस्कवर डाव्या-उजव्या ध्वनीची सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मापे असतात. ती कोणी व कशावरून घेतली, हा खरा प्रश्न.

१९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे आपल्याला लाभले ते लाखेच्या तबकड्यांमुळे. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी अंकबद्ध करताना ८० फेऱ्यांनी फिरवली, तर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने षड्ज चढतो, लयही वाढते. आणि विद्यार्थी तीच खाँसाहेबांची पट्टी समजून बसतो! खरखर पुसताना तंबोऱ्याची जवारीही पुसट होते, ती वेगळीच.

वाजवणाऱ्या यंत्रांतही अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारे भाग कमीअधिक प्रतीचे असतात. पण चांगल्या यंत्रांत हा फरक फार सूक्ष्म. पुष्कळदा एक यंत्र किंचित मोठ्याने वाजते, एवढ्यानेच ते सरस भासते. तुलनेपूर्वी दोहोंचा आवाज सारखा करावा.

संग्राहकांना माझी विनंती एवढीच, की अंकबद्ध करताना तबकडीचा वेग आणि वापरलेली सुई यांची नोंद वेष्टनावर अवश्य करावी.