जुन्या आवृत्तींची परीक्षा



मी एका शाळेंत मास्तर असतांनाची गोष्ट. निकालपत्रांत एका मुलास ७५ टक्के गुण पडले. त्याच्या आईनें आळीभर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशीं समजलें कीं खरे टक्के ६४ च! त्या माउलीचा चेहरा मी अद्याप विसरलों नाहीं.

चूक कशी झाली? कचेरींतला जुना संगणक निकालाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ति घेईना. म्हणून नवी व जुनी अशा दोन्ही आवृत्ति चालत. त्या वर्षीं एक विषय वाढला. नव्या आवृत्तींत एकूण गुण ६०० चे ७०० केले, व ती दुरुस्ती जुनीतहि मिळविली. पण टक्केवारीचें एक कोष्टक केवळ जुनींतच होतें. तें ६०० नेंच भागत राहिलें. दुरुस्ती मिळवितांना यंत्रानें मात्र कांहींच तक्रार केली नाहीं.

एकाच प्रोग्रॅमच्या अशा स्वतंत्र वाढणाऱ्या प्रतींस शाखा म्हणतात. त्या जुळविणारें ‘गिट’ हें साधन लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलें. तें ओळी ताडून पाहतें. एकच ओळ दोन शाखांत निरनिराळी बदलली असेल, तर थांबून माणसास विचारतें. पण ओळींचा अर्थ तें जाणत नाहीं. शाखा बिनतक्रार जुळल्या म्हणून प्रोग्रॅम बरोबर मानणें, म्हणजे शुद्धलेखन पाहून गणितास पूर्ण गुण देणें होय.

बरें, जुन्या आवृत्ति टाकून द्याव्या, तर तेंहि सोपें नाहीं. पायथॉन या संगणकभाषेची तिसरी आवृत्ति २००८ सालीं आली. तरी दुसरीचा सांभाळ २०२० च्या आरंभापर्यंत करावा लागला. गिटच्या कर्त्यांचा स्वतःचा परिपाठ असा कीं, दुरुस्ती जेथें लागू पडते त्या सर्वांत जुन्या शाखेवर आधीं करावी, व तेथून क्रमानें नव्या शाखांत मिळवीत जावें.

प्रत्येक पायरीस परीक्षा हवी, आणि पांचव्या प्रतीशीं माणूस कंटाळतो. म्हणून हें काम यंत्रावरच सोंपवावें. त्यानें रात्रीं प्रत्येक जुन्या आवृत्तीची तात्पुरती प्रत घ्यावी, तींत दुरुस्ती मिळवावी, प्रोग्रॅम चालवावा, आणि ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत असे प्रश्न त्यास घालावे. उत्तर चुकलें, तर मूळ शाखेस हात न लावतां ती प्रत टाकून द्यावी, व कोणती आवृत्ति नापास झाली तें सकाळीं सांगावें.

दोन कामें मात्र माणसाचींच राहतात: ओळींचा तंटा पडला तर निवाडा करणें, आणि प्रश्नपत्रिका काढणें. आमच्या कचेरींत ‘७०० पैकीं ४५० म्हणजे किती टक्के?’ एवढा एकच प्रश्न जुन्या आवृत्तीस कोणीं घातला असता, तर त्या माउलीस शेजाऱ्यांसमोर मान खालीं घालावी लागली नसती. तो प्रश्न काढणें माझ्यासारख्या मास्तराचेंच काम होतें.