आधी खुंट, मग कलम

आमच्या मांजरीपासून मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्या फार दूर नाहीत. त्यामुळे कॉलेजातली पोरं भेटली, की कविता राहते बाजूला आणि प्रश्न येतो, "चाचा, ब्लॉकचेन शिकू, की नेहमीचं सॉफ्टवेअर?" मी साधा बी.ए. पण या प्रश्नावर बापाचं कर्ज आणि पोराची उमेदीची वर्षं पणाला लागतात, म्हणून मी तो समजून घेतला.

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली खातेवही. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण आणि वहीची प्रत अनेकांकडे. एकट्याने गुपचूप खाडाखोड केली, तर ती उघडी पडते. २००९ साली बिटकॉइन सुरू झालं, ते अशाच वहीवर. २०२२ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत जातीच्या सुमारे ६५ हजार दाखल्यांसाठी हेच तंत्र वापरायचं ठरलं. बनावट दाखल्याला आळा बसला, तर खऱ्या हक्कदाराचंच भलं. मात्र पहिलीच नोंद खोटी असेल, तर वही खोटंच जपून ठेवील.

त्याच २०२२ मध्ये आभासी चलनांचा बाजार कोसळला. जूनमध्ये कॉइनबेस या अमेरिकी कंपनीने १८ टक्के कर्मचारी कमी केले. नोव्हेंबरमध्ये एफटीएक्सचं दिवाळं वाजलं. नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येही अभय नाही. २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. पण तिथे एक दार बंद झालं, तरी बँक, दवाखाना, कारखाना अशी दुसरी दारं ठोठावता येतात.

मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. द्राक्ष बागायतदार आधी डॉगरिजसारखा खुंट लावतो, मग त्यावर हव्या त्या वाणाचं कलम करतो. पाण्याचा ताण, खारवट जमीन सोसायची ती खुंटाने. वाण बाजार पाहून निवडता येतो. निर्यातीची द्राक्षं कुठल्या बागेतली, हे शोधणारी 'ग्रेपनेट' व्यवस्था २००६ साली उभी राहिली, तीही ब्लॉकचेनविना, साध्या मध्यवर्ती नोंदींवर.

म्हणून पोरांनो, आधी प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा यांचा खुंट धरू द्या. ब्लॉकचेनवर एकदा चढवलेला प्रोग्रॅम सहजी दुरुस्त होत नाही, तिथे कच्चा पाया महागात पडतो. पाया पक्का असेल, तर ब्लॉकचेनचं कलम खुशाल करा. एखाद्या कामाला ब्लॉकचेन लागते आणि एखाद्याला साधी नोंदवही पुरते. हे दोन्ही ज्याला ठामपणे सांगता येईल, त्याची गरज बाजार पडला तरी राहील.