पत्रा, फायबर आणि उजेड : घरी बांधलेल्या मोटरसायकलचं बाह्यांग

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं शहर आहे. तिथल्या एका शेडमध्ये बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ १९२० सालची इंडियन स्काउट मोटरसायकल वर्षानुवर्षं, जवळजवळ हयातभर सुधारत राहिला. पिस्टन त्यानं घरीच ओतले आणि सिलिंडरही स्वतः घडवले. कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी ताशी सुमारे ८९ किलोमीटर जात होती. १९६७ साली अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिनं हजार सीसीखालच्या गटाचा विक्रम केला, तेव्हा मन्रो ६८ वर्षांचा होता. त्या दिवशी नोंदलेल्या वेगात हिशेबाची चूक राहून गेली होती. ती मन्रोच्या मुलानं दाखवून दिली आणि २०१४ साली विक्रम दुरुस्त होऊन ताशी १८४.०८७ मैल असा नोंदला गेला. म्हणजे जवळपास २९६ किलोमीटर.

मन्रोच्या इंजिनाविषयी पुष्कळ बोललं जातं, त्या मानानं त्या गाडीवरच्या कवचाविषयी कमी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनानुसार. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. ८९ वरून २९६ वर जायचं, तर फक्त हवेचा विरोध धरला तरी सुमारे सदतीसपट ताकद हवी. त्या जुन्या इंजिनातून एवढी ताकद निघणं शक्य नव्हतं. म्हणून मन्रोनं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून गाडीभोवती लांबट, निमुळतं कवच घडवलं आणि पुढे ते फायबरग्लासमध्ये आणलं. विक्रमातला मोठा वाटा त्या कवचाचा होता.

आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे. घरी मोटरसायकल बांधणारे बहुतेक जण आधी इंजिन, मग चेसिस, मग चाकं उभी करतात. टाकी, सीट, पॅनेल आणि दिवे यांचा विचार पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आल्यावर होतो. मग दिवा कुठे बसेल, वायर कुठून जाईल, गुडघा कुठे टेकेल हे प्रश्न छिन्नी आणि ग्राइंडरनं सोडवले जातात. बॉडी आणि उजेड हे पहिल्या दिवशीचं काम आहे, आणि ज्यांनी ते पहिल्या दिवशी केलं त्यांच्या गाड्या वेगळ्या दिसतात, वेगळ्या चालतात.

असा एक माणूस न्यूझीलंडमध्येच होऊन गेला. जॉन ब्रिटन, ख्राइस्टचर्चचा, जन्म १९५०. डिस्लेक्सियामुळे त्याला लिहिणं-वाचणं जड जाई, पण हात आणि नजर असामान्य होती. मोटरसायकलींकडे वळण्याआधी त्यानं स्वतः भट्ट्या बांधून हातानं घडवलेल्या काचेच्या दिव्यांचा व्यवसाय केला होता. आकार कसा फुगतो, कुठे आटोक्यात ठेवायचा, उजेड कोणत्या वळणावर कसा पडतो, हे त्याच्या बोटांना तिथेच कळलं असणार. पुढे घराच्या गॅरेजमध्ये मोजक्या मित्रांच्या मदतीनं त्यानं ब्रिटन व्ही-१००० ही शर्यतीची मोटरसायकल बांधली. ९९९ सीसीचं साठ अंशांतलं व्ही-ट्विन इंजिन, कोरडं वजन १३८ किलो, ताकद सुमारे १६६ अश्वशक्ती आणि वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे.

या गाडीला नेहमीसारखी चेसिस नाही. इंजिन हाच सांगाडा, आणि पुढचा-मागचा भाग त्यालाच जोडलेला. रेडिएटर सर्वसाधारण गाडीत पुढच्या चाकामागे, वाऱ्याच्या तोंडावर असतो. तो तिथे असला की गाडीची छाती रुंद होते आणि वाऱ्याला अडायला जागा मिळते. ब्रिटननं तो उचलून सीटखाली ठेवला आणि समोरून घेतलेली हवा बंद मार्गानं तिथवर नेली. परिणाम असा की गाडी पुढून अगदी अरुंद झाली. ती अरुंद कंबर, पोटाशी उघडं इंजिन आणि टोकदार शेपूट पाहून लोक तिच्या रूपाचं कौतुक करतात. पण त्यातली बहुतेक वळणं हवेला वाट करून देण्यासाठी आहेत. ते रूप वेगळं काढून दुसऱ्या गाडीवर चढवता येणार नाही, कारण आत रेडिएटर दुसरीकडे असेल.

हे आकार त्यानं ठरवले कसे? तारा वाकवून आणि गरम गोंदाच्या बंदुकीनं त्या जोडून गाडीवरच पूर्ण मापाचा पिंजरा केला. त्याभोवती फिरून पाहायचं, पटलं नाही तर तार वाकवायची, पुन्हा पाहायचं. कागदावरची बाजूची आकृती मोटरसायकलला पुरत नाही, कारण ही वस्तू माणूस सगळ्या बाजूंनी पाहतो आणि तिच्यावर स्वतः बसतो. पिंजऱ्याची वळणं पक्की झाल्यावर कार्बन फायबरचं काम झालं. चाकंसुद्धा कार्बन फायबरचीच केली.

१९९१ साली अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीत ही गाडी दुसरी आली. १९९२ मध्ये अँड्र्यू स्ट्राउड तिच्यावर आघाडीवर असताना विजेच्या यंत्रणेतल्या बिघाडानं तिला थांबावं लागलं. इंजिन टिकलं, बॉडी टिकली, विजेनं दगा दिला. घरी गाडी बांधणाऱ्यानं हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याच्याकडे यायचंच आहे. १९९४ मध्ये तिनं डेटोनात जिंकून दाखवलं. १९९५ साली कर्करोगानं ब्रिटन गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. एकूण दहा गाड्या झाल्या. त्यांतली एक वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कवच जितकं मोठं तितकं चांगलं, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. १९५०च्या दशकात युरोपातल्या शर्यतींत पुढचं चाकही झाकणारी मोठी फेअरिंग आली होती. इटलीतल्या मोटो गुझीनं तर मान्देल्लोच्या कारखान्यात स्वतःचा वायुबोगदा बांधून अशा आकारांचा अभ्यास केला. वेग वाढला, पण आडवा वारा आला की पुढचा सगळा पृष्ठभाग शिडासारखा ढकलला जाई आणि हँडल हातात राहत नसे. १९५८ पासून शर्यतींत या फेअरिंगवर बंदी आली. घाटात दरीच्या बाजूनं येणारा झोत ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ही बंदी समजायला वेळ लागणार नाही. पुढचं चाक मोकळं ठेवावं.

आता आपल्याकडच्या एखाद्या लहानशा गॅरेजात येऊ. काम सुरू होतं ते माणसाला सांगाड्यावर बसवून. फूटरेस्ट, सीट आणि हँडल हे तीन बिंदू पक्के झाल्याशिवाय टाकीचा आकार ठरत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टाकी आणि मूठ यांत बोटं चेंगरत नाहीत ना, हे पाहायचं. मागच्या शॉकअपची स्प्रिंग काढून चाक वरपर्यंत दाबून टायर मडगार्डला किंवा वायरिंगला कुठे लागतो ते मोजायचं. हे मोजमाप टाळल्यामुळे पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टेल लॅम्पची वायर टायरखाली घासून तुटते.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचा घेतात. वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं ठोकत त्याला पोट काढायचं. ठोकता ठोकता धातू कडक होत जातो आणि पुढे चिरतो, म्हणून अधूनमधून तापवून नरम करावा लागतो. इथेच नवखे फसतात. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांना वितळून खाली पडतं. जुन्या कारागिरांनी त्यावर सुंदर उपाय शोधला आहे : पत्र्यावर अंगाचा साबण घासायचा आणि उलट्या बाजूनं ज्योत फिरवायची. साबण काळपट झाला की पुरेसं तापलं, ज्योत बाजूला घ्यायची. तापमापकाशिवाय इतकं नेमकं काम होतं, याचा त्या कारागिरांना अभिमान असतो आणि तो रास्त आहे.

फायबरचं काम वेगळं. आधी हुबेहूब आकाराचा नमुना, त्यावरून साचा, साच्यातून अखेरची वस्तू. पुष्कळ जण थर्मोकोल कोरून नमुना करतात आणि थेट त्यावर पॉलिएस्टर रेझिन लावतात. रेझिनमधल्या स्टायरिनमुळे थर्मोकोल डोळ्यांदेखत विरघळतं. थर्मोकोल वापरायचं तर इपॉक्सी घ्यावं किंवा मध्ये आवरण द्यावं. आत वळलेल्या कडा असतील तर साचा एका तुकड्यात सुटत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आकार जसा, तसे साच्याचे तुकडे पाडायचे. मोटरसायकलच्या शेपटीचा साचा करणाऱ्यानं एक दिवस एखाद्या मूर्तिकाराजवळ बसून काढला तर पुस्तकांतून मिळणार नाही एवढं शिकायला मिळेल.

एक इशारा ठामपणे द्यायला हवा. आपल्या बाजारात रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, एक कोबाल्टची आणि एक हार्डनरची. या दोन गोष्टी एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं, मगच वेगळ्या मापानं हार्डनर घालायचा. घासताना तोंडावर चांगला मास्क हवा, कारण काचेची धूळ फुप्फुसात जाते.

फायबरची टाकी करावी का, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नाही असंच आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साध्या पॉलिएस्टर रेझिनची टाकी इथेनॉलनं मऊ पडते. सुटलेला चिकट अंश कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो. आत पत्र्याची टाकी आणि वरून फायबरचं आवरण, ही रचना सुरक्षित. आवरण बसवताना प्रत्येक बोल्टखाली रबर बुश आणि रुंद वॉशर घालावा. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर फायबरला भोकाच्या कडेपासूनच तडा देते.

आणि आता उजेड. हेडलाइटची कमाल बल्बमध्ये कमी आणि मागच्या परावर्तकात जास्त असते. नेहमीच्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये ६० आणि ५५ वॅटच्या दोन तारा असतात. लो बीमच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे उजेड परावर्तकाच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर जातो. परावर्तकाचं प्रत्येक वळण त्या तारेची नेमकी जागा धरून आखलेलं असतं. त्याच खोबणीत बाजारातला एलईडी बल्ब घातला की उजेडाचा उगम थोडा पुढेमागे होतो, त्याची जाडीही वेगळी असते, आणि सगळा झोत विस्कटतो. चालवणाऱ्याला समोर पांढरं लख्ख दिसतं म्हणून तो खूश असतो. समोरून येणारा सायकलस्वार मात्र काही क्षण पूर्ण आंधळा होतो. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच आखलेला पूर्ण दिवा घ्यावा. तो बंद फायबरच्या नाकात बसवताना मागून हवा खेळती ठेवावी, कारण एलईडी तापला की मंदावतो आणि लवकर जातो.

परदेशातून मागवलेल्या देखण्या दिव्यांत आणखी एक धोका असतो. अमेरिका आणि बहुतेक युरोपात वाहनं उजवीकडून चालतात. तिथल्या अनेक दिव्यांचा लो बीम उजव्या कडेला वर उचललेला असतो, पदपथ दिसावा म्हणून. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे तो उचललेला भाग थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याचा झोत पडद्यावर ठरावीक बिंदूंपाशी किती पडतो, हे मोजण्याचं शास्त्र आहे. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत ही मोजणी होते.

वायरिंगचं काम कंटाळवाणं वाटतं, पण डेटोनाची ती शर्यत आठवावी. आपल्याकडच्या अनेक जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. इंजिन मंदावलं की दिवा मिणमिणतो. अशा गाडीवर एलईडी लावायचा तर कॉइलची जोडणी बदलून आणि योग्य रेक्टिफायर बसवून वीज बॅटरीमार्फत घ्यावी लागते. एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर लुकलुकतात, कारण जुन्या फ्लॅशरला बल्बाएवढा प्रवाह मिळत नाही. फ्लॅशरच बदलणं हा नीट उपाय. प्रत्येक दिव्याची अर्थिंग वायर बॅटरीपर्यंत वेगळी न्यावी. रंगवलेल्या चेसिसवर भरवसा ठेवला की पावसाळ्यात दिवे रुसतात.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तो बंद करायला वेगळं बटण बसवणं चूकच. पुढे पांढरा, मागे लाल, इंडिकेटर पिवळे आणि नंबरप्लेटवर पांढरा उजेड, या क्रमात हौसेला जागा नाही. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला हाच क्रम पाठ असतो. आकारात, पत्र्याच्या वळणात, रंगात हौसेला हवी तेवढी जागा आहे.

सगळं जोडून झाल्यावर शेवटचं काम झोत लावण्याचं. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, टायरमध्ये नेमकी हवा भरावी, आणि भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूनं आडवी रेघ मारावी. लो बीमची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली यायला हवी. मोजताना सीटवर चालवणारा माणूस बसलेला असावा. मग मागे आणखी एकाला बसवून पुन्हा पाहावं, कारण मागची स्प्रिंग दबली की गाडीचं नाक वर होतं आणि झोतही तेवढाच वर सरकतो.