परतीची वाट

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



‘वाशी’ म्हटले की मुंबईकडची माणसे खाडीपलीकडचे वाशी समजतात आणि आपल्याला दर वेळी ‘धाराशिव जिल्ह्यातले’ अशी पुस्ती जोडावी लागते. परदेशी शहरात गेल्यावर ही अडचण उरत नाही, कारण तेथे दोन्ही वाशी सारखीच अनोळखी! तेथे तुमचे घराणे, वडिलांचा गावातील मान, दहावीतील तुमचा पहिला क्रमांक, यांपैकी काहीच कोणाला ठाऊक नसते. शिक्षणासाठी किंवा कामाच्या उमेदवारीसाठी आपली मुले-मुली आता परदेशाची वाट धरू लागली आहेत. जाण्याची तयारी कशी करावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पोहोचल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. म्हणून मी त्याविषयीच बोलणार आहे.

आधी लहान गोष्टी. निघताना अम्मी हमखास कुंथलगिरीचा पेढा बांधून देते. तो युरोपात आणि ब्रिटनमध्ये नेता येत नाही. आपल्याकडून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास तेथे बंदी आहे. शेंगदाण्याची चटणी न्या, पेढा येथेच खा. दुसरी गोष्ट नमाजची. येथे आपण लहानपणापासून पश्चिमेकडे तोंड करून उभे राहतो. लंडनमध्ये किबला आग्नेयेकडे येतो आणि न्यूयॉर्कमध्ये ईशान्येकडे. डिसेंबरात लंडनचा सूर्य दुपारी चारच्या आतच मावळतो, त्यामुळे जोहर, असर आणि मगरिब अवघ्या काही तासांत गोळा होतात. जूनमध्ये उलट, मगरिबला रात्रीचे नऊ वाजून जातात. आयुष्यभर अंगवळणी पडलेले दिवसाचे वेळापत्रक असे विस्कटले की माणूस आतून हलतो. ही धार्मिक कमजोरी नव्हे. शरीराला आणि मनाला जुळवून घ्यायला वेळ लागतो, इतकेच. जवळची मशीद पहिल्या आठवड्यातच शोधा. खोली कोठे मिळेल, हलाल मांस कोठे मिळेल, कोणता घरमालक सरळ आहे, हे तेथे जुम्म्याच्या नमाजनंतर जितके कळते तितके कोणत्याही कचेरीत कळत नाही. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, किंवा विश्वासातल्या माणसाने पाहिल्याशिवाय, अनामत रक्कम मात्र पाठवू नका.

मात्र ओळखीपाळखी केवळ आपल्याच जमातीत ठेवू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना खोलीचा सोबती मिळाला तो नवल भथेना हा पारशी विद्यार्थी. ती मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे पैशाच्या अडचणीतही उपयोगी पडली.

आता पैसा. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे ऐकून पुष्कळांना वाटते की शिक्षण फुकट आहे. परंतु व्हिसासाठी राहण्याजेवण्याच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत अडकवून दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती वर्षाला 11,904 युरो ठरली. ही रक्कम कोरडवाहू शेतीच्या घरातून कशी उभी राहते, हे येथे बसलेल्यांना मी सांगायला नको. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना 2022 साली बंद झाली. व्याजाविषयी आपल्या घराघरांत मतभेद आहेत, त्यांत मी आज पडत नाही. पण कोणी शेत गहाण टाकतो, कोणी बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले मोडतो, आणि हे सारे त्या मुलाला ठाऊक असते.

येथेच खरी अडचण सुरू होते. मूल फोनवर म्हणते, “सगळं ठीक आहे, अब्बा.” ते एक वेळच जेवत असते, रात्री हॉटेलात भांडी घासून सकाळी वर्गात पेंगत असते, कधी एखाद्या विषयात नापास झालेले असते. तरी ‘सगळं ठीक आहे.’ कारण गावाने हार घालून निरोप दिलेला असतो, आणि हार घातलेल्या माणसाला परत येता येत नाही, अशी आपली समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे हेच सांगण्यासाठी मी आज उभा आहे, आणि त्यासाठी चार माणसांची हकीकत सांगतो.

बदरुद्दीन तय्यबजी 1860 साली वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत लंडनला शिकायला गेले. तेथे डोळ्यांनी दगा दिला. 1864 साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परत यावे लागले. घरच्यांनी त्यांना पराभूत मानले नाही. पुढच्याच वर्षी ते पुन्हा गेले आणि 1867 साली बॅरिस्टर होऊन आले. 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते अग्रभागी होते आणि 1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. आपल्यासारख्या संस्था ज्या वाटेने चालतात ती वाट पाडणारा माणूस एकदा अर्ध्यातून परतलेला होता!

त्याच घराण्यातील अतिया फैजी 1906 साली लंडनला अध्यापनाचे शिक्षण घेण्यास गेल्या. त्या काळी मुस्लिम मुलीने एवढे धाडस करणे ही केवढी गोष्ट! त्या घरी जे लिहून पाठवीत, ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या उर्दू पत्रात छापून येई आणि परदे सांभाळणाऱ्या कितीतरी घरांतून वाचले जाई. प्रकृती बिघडली म्हणून त्या 1907 साली अभ्यासक्रम पुरा न करताच परतल्या. म्हणून त्यांचे जीवन वाया गेले काय? 1914 साली त्यांचे भारतीय संगीतावरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्येच प्रसिद्ध झाले.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे तुम्हांस माहीत आहेच. त्याच निजामाच्या शिष्यवृत्तीवर सोळा वर्षांच्या सरोजिनी नायडू 1895 साली इंग्लंडला गेल्या. लंडनचे किंग्ज कॉलेज झाले, केंब्रिजचे गर्टन कॉलेज झाले, आणि 1898 साली त्या पदवीविना परत आल्या. पुढचे तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचले आहे.

चौथी हकीकत पुन्हा बाबासाहेबांची. न्यूयॉर्कहून ते 1916 साली लंडनला गेले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना अभ्यास सोडून परतावे लागले. येताना त्यांनी एक गोष्ट केली, ती विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून आधी मिळवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साह्य घेतले, 1920 साली परत गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. (मधल्या काळात बडोद्यात त्यांना राहायला जागा कोणी दिली नाही. परक्या न्यूयॉर्कमध्ये मिळाली होती. आपल्या देशात नाही.) तुम्हीही अडचणीत आलात तर न सांगता वर्ग सोडू नका. विद्यापीठाला लेखी कळवा, मध्यंतराची रजा मागा, आणि व्हिसावर तिचा काय परिणाम होतो हे तेथील विद्यार्थी कचेरीत आधी विचारून घ्या.

या चौघांबरोबर मला आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी प्रकृती ढासळत गेली, तरी त्यांनी माघार घेतली नाही. मार्च 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या जिद्दीपुढे मी मान लववितो. पण एका मुलीचा बाप म्हणून ती हकीकत वाचताना माझ्या मनात प्रत्येक वेळी येते, हिला कोणी ‘आता घरी ये, बाळ’ असे वेळेवर का म्हटले नाही?

पालकहो, म्हणून एक विनंती. मूल निघण्याच्या आदल्या रात्री पासपोर्ट आणि कागदपत्रे तपासून झाली की त्याला जवळ बसवा आणि स्पष्ट शब्दांत सांगा की नाही जमले तर परत ये, शेत गेले तरी चालेल, लोकांचे आम्ही पाहून घेऊ. हे मनात असून भागत नाही. तोंडाने बोलावे लागते. जमले तर परतीच्या तिकिटापुरते पैसे वेगळे ठेवा आणि ते कोठे आहेत हे त्याला सांगा. ज्याच्या खिशात परतीचे भाडे असते तो बहुधा टिकतो, असे माझे मत आहे.

आणि फोन केव्हा करावा? जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. आपली इशाची नमाज उरकते तेव्हा तिकडे दुपार कलत असते आणि मूल बहुधा वर्गातून सुटलेले असते. तेव्हा फोन लावा. जेवलास का, झोप लागते का, हे आधी विचारा. निकालाचे दुसऱ्या दिवशी विचारले तरी चालेल.