प्रवाळाचे कोनाडे

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात बुडी मारून आलेली मंडळी भेटली, की बहुतेकांची एकच तक्रार असते. "टीव्हीवर दिसतात तसे रंग काही दिसले नाहीत." मी विचारते, भोकं दिसली का? खाचा, कपारी, खालून पोकळ झालेले दगड? तिकडे कुणी बघितलेलंच नसतं. अहो, तिथेच तर सगळी वस्ती आहे!

समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या जवळजवळ चौथा हिस्सा जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला येतात. एवढे जीव तिथे मावतात कसे? कोकणातलं जुनं घर आठवा. वळचणीला चिमणी, माळ्यावर व्यालेली मांजर, चिऱ्यांच्या फटीत पाल, कोनाड्यात दिवा. आता ते पाडून तेवढ्याच जागेवर एक गुळगुळीत हॉल बांधा. जागा तेवढीच आहे, छप्परही आहे. पण चिमणीने जायचं कुठे?

प्रवाळातही असेच बिऱ्हाडकरू असतात. शेवंड दिवसभर कपारीत, मिशा तेवढ्या बाहेर. रात्र झाली की ती चरायला निघते. गोबरा ढोलीच्या तोंडाशी दबा धरून. बोटभर मासे फांद्यांच्या जाळीत, मोठं तोंड दिसलं की सर्रकन आत. आणि भोकाचं माप माशाच्या मापाशी जुळावं लागतं. म्हणून लहान, मोठी, खोल, उथळ, सगळीच भोकं हवीत. एकाच मापाची असली तर भाडेकरूही एकाच मापाचे.

हा खडबडीतपणा मोजायची रीत फार साधी आहे. तळावर एक साखळी सोडायची, प्रत्येक उंचवट्यावरून आणि खाचेतून अंगाला चिकटून जाईल अशी. मग तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजायचं. दहा मीटरची साखळी सपाट तळावर दहा मीटर पुरते. खाचाखळग्यांत ती सहा-सात मीटरांतच संपते. जिथे साखळी लवकर संपते, तिथे सहसा माशांच्या जाती जास्त.

१९९८ साली समुद्र तापला आणि सेशेल्सच्या मुख्य बेटांभोवतीचं ९० टक्क्यांहून अधिक जिवंत प्रवाळ गेलं. सांगाडे मात्र उभे होते. घरधनी गेला तरी घर काही पावसाळे तग धरतं, तसं. पुढे आतून पोखरणारे जीव आणि बाहेरून लाटा, यांनी ते सांगाडे पाडले, त्यांचा चुरा झाला. माशांना खरा फटका बसला तो तेव्हा, काही वर्षांनी. तोही आधी लहान माशांना. मोठे मासे दिसतच होते. ओटीवर आजोबा बसलेले, पण माजघरात पाळणा नाही! जाळ्यात मोठा मासा येतोय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

तिथल्या २१ प्रवाळभित्तींवर पुढे लक्ष ठेवलं गेलं. १२ सावरल्या, ९ शेवाळाखाली गेल्या. सावरल्या त्या बहुतांशी मुळात जास्त खडबडीत आणि जास्त खोल पाण्यातल्या. म्हणजे घडण नुसता आसरा देत नाही, पुन्हा उभं राहायचं बळही देते. पुन्हा सांगते, रंग नव्हे, घडण.

मन्नारच्या आखातात चुन्यासाठी वर्षानुवर्षं प्रवाळ खणून नेलं. लाटा अडवणारी भिंतच गेली, आणि तिथल्या २१ बेटांपैकी २ पाण्याखाली गेली आहेत.

आता पुन्हा मालवणचं सांगते. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. तिथले गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. ओंजळीएवढा गड्डा व्हायला कित्येक वर्षं लागतात आणि तो फुटायला नांगराचा एक झटका. तांडेल दादांनो, नांगर वाळूत टाका, दोन वल्ही लांब पडलं तरी चालेल. आणि पाहुणे मंडळी, दम लागला तर होडीची कड धरा, पण खालच्या दगडावर पाय देऊ नका. त्याच्या पोटात कुणीतरी राहतंय.