नाव दोघांचे, पुरस्कारही दोघांचा



शिक्षक-संशोधकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षाने चार विषयांचा परामर्श घ्यावा, अशी प्रथा आहे. मी मात्र एकच मागणी घेऊन उभा आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाने शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून लिहिलेल्या उत्तम शोधनिबंधाला दरवर्षी स्वतंत्र पुरस्कार द्यावा, आणि तो दोघांच्या नावे द्यावा.

ही मागणी नाशिकमध्ये करताना मला विशेष बळ वाटते. १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी इथल्या गोदाकाठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केले. त्याच मोसमात संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठी जोर्वे इथेही खोदकाम झाले. महाराष्ट्रातली प्रमुख ताम्रपाषाणयुगीन संस्कृती आज त्या जोर्व्याच्या नावाने ओळखली जाते. या दोन्ही उत्खननांचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर लेखक म्हणून दोन नावे होती : सांकलिया आणि शां. भा. देव. देव हे सांकलियांच्या तालमीत तयार झालेले तरुण संशोधक. १९५८ च्या महेश्वर-नावडातोली अहवालावर सांकलियांबरोबर सुब्बराव आणि देव यांची नावे आली. सुब्बराव तर त्यांच्याकडेच पीएच.डी. झालेले.

शिष्यांचे नाव आपल्या नावाशेजारी छापण्याचा हा मोठेपणा कशातून येतो, ते उत्खननाच्या कामात दिसते. सापडलेले खापर धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत स्थळ, खड्डा आणि थर शाईने लिहायचा. थराचा आकडा चुकला तर ते खापर भलत्याच शतकात जाऊन पडते आणि गुरूचा सगळा सिद्धान्त त्याच्याबरोबर घसरतो. ज्याच्या काळजीवर निष्कर्ष उभा आहे, त्याचे नाव निबंधावर असणे हा उपकार नव्हे, तो हिशोबाचा भाग आहे.

जगातल्या एका उदाहरणाचे फळ आपण रोज वापरतो, फक्त ते उदाहरण आठवत नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये फ्रेडरिक बॅंटिंग यांच्याबरोबर चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी काम करत होता. कुत्र्यांच्या रक्तातली साखर मोजण्याचे काम त्याच्याकडे होते. १९२२ च्या फेब्रुवारीत इन्सुलिनच्या शोधाकडे नेणारा त्यांचा निबंध दोघांच्या नावाने छापला गेला. १९२३ चे नोबेल मात्र बॅंटिंग आणि प्रयोगशाळेचे प्रमुख मॅक्लिऑड यांना मिळाले. बॅंटिंग यांनी आपल्या रकमेतला अर्धा वाटा बेस्टला दिला. पुरस्कार देणाऱ्यांकडून जे राहिले, ते निबंधाने आधीच नोंदवून ठेवले होते. म्हणून पुरस्कार निबंधाच्या मागून चालला पाहिजे आणि त्यावर जितकी नावे आहेत तितक्यांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आपल्याकडे पाया नाही असे नाही. २००६ साली कुलपतींच्या पुढाकाराने ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा सुरू झाली. मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी आणि वैद्यकापर्यंत सहा गटांत पदवीच्या विद्यार्थ्यालाही तिथे आपले काम मांडता येते. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे. या दोन्हींनी हजारो मुलांना प्रश्न विचारायला शिकवले. पण पोस्टर भिंतीवरून उतरले, प्रमाणपत्र फाइलमध्ये गेले, की काम तिथेच थांबते, हे आपण सगळेच पाहतो. पोस्टरपासून निबंधापर्यंतचा रस्ता लांब आहे : आकडे पुन्हा तपासायचे, आधीचे साहित्य वाचायचे, परीक्षकांच्या हरकतींना उत्तरे द्यायची. तोवर विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो आणि शिक्षकापुढे नवा वर्ग उभा असतो.

त्यात नियमही आडवा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या गुणांकनात एकट्याने लिहिलेल्या निबंधाला पूर्ण गुण आहेत. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोनांहून जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला सत्तर आणि बाकीच्यांना तीस टक्के. म्हणजे जो शिक्षक पदरचा वेळ घालून विद्यार्थ्याला लिहायला शिकवतो, त्याचेच गुण कापले जातात. हे नुकसान भरून काढणे विद्यापीठांच्या हातात आहे. पुरस्काराची खरी गरज इथे आहे.

आता त्याचे निकष. पहिला : काम विद्यार्थिदशेत झालेले असावे आणि निबंधाला जोडून कोणी काय केले याचे निवेदन असावे, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत. दुसरा : परीक्षकांसमोर मार्गदर्शकाच्या गैरहजेरीत विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा व्हावी. दुसऱ्याच्या कामावर चिकटवलेले नाव तिथे पाच मिनिटांत उघडे पडते. तिसरा : मूळ नोंदवही सादर करावी. चौथा : पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांतले निबंध दारातच अडवावेत. पाचवा : मराठीतल्या निबंधाला समान मान असावा. आणि रक्कम सारखी वाटून विद्यार्थ्याचा वाटा थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा.

नोंदवहीचा आग्रह का, ते सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागातल्या पाड्यांवर सिकलसेलची तपासणी करायची झाली, तर पहिली चाचणी साधी आहे. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागच्या रेघा दिसतात का ते पाहायचे. दिसल्या नाहीत तर नमुना संशयित, मग इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करायची. पण बोटाला सुई टोचण्याआधी आईला तिच्या बोलीत काय सांगितले, कोणत्या घराने नकार दिला, कोणता नमुना उन्हात राहिल्याने बाद केला, हे फक्त तपासणी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या वहीत सापडते. निबंधातली टक्केवारी विश्वासार्ह आहे की नाही, ते ही वही ठरवते.

नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एकाचे विद्यार्थी नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकतात, दुसऱ्याचे राज्यभरच्या रुग्णालयांत रुग्णांच्या उशाशी उभे असतात. प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. या दोन विद्यापीठांनी पुढाकार घेतला, तर बाकीच्यांना मागे राहणे अवघड जाईल.

विद्यार्थी मित्रांनो, मार्गदर्शकाकडे आपल्या कामाचे श्रेय मागताना संकोच करू नका, आणि न केलेल्या कामावर नाव घेऊ नका. प्राध्यापक मित्रहो, लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम निबंधाच्या पहिल्या बैठकीतच ठरवा. आणि या परिषदेला माझी विनंती आहे की समारोपाच्या सत्रात या पुरस्काराचा ठराव मांडावा, तो संमत करावा आणि राज्यातल्या सर्व कुलगुरूंकडे पाठवावा.