कॉमिकचे मुखपृष्ठ : आस्वाद आणि संग्रह



राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी एके काळी माजघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या असत आणि जाणकार मंडळी त्यांना कलेच्या पंक्तीला बसू देत नसत. आज त्याच तसबिरी वस्तुसंग्रहालयांत काचेआड विराजमान झाल्या आहेत. ज्या दुसऱ्या छापील चित्राने आपल्यापैकी कित्येकांच्या दृष्टीला पहिले वळण लावले, त्या कॉमिकच्या मुखपृष्ठाच्या वाट्याला मात्र अद्याप तो मान आलेला नाही, आणि तो यावा अशी माझी मनःपूर्वक इच्छा असल्यामुळे चालकांनी व्याख्यानाचा विषय विचारताच मी हाच सांगितला.

आरंभ अमेरिकेपासून करणे प्राप्त आहे. जून १९३८ ही तारीख ल्यालेल्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो शस्टर याने काढलेले चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. निळ्या वेषातला, पाठीवर लाल प्रावरण उडत असलेला एक पुरुष हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आपटीत आहे. मोटारीचे चाक निखळले आहे. आणि अगदी पुढे, डाव्या कोपऱ्यात, एक मनुष्य दोन्ही हातांनी डोके धरून चौकटीबाहेर, म्हणजे थेट आपल्या अंगावर, धावत येत आहे. या पुरुषाचे नाव मुखपृष्ठावर कोठेही नाही. तो कोण, मोटार का फोडतो, पळणारा अपराधी की निरपराध, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर चित्र देत नाही. परंतु पळणाऱ्याच्या मुद्रेवरचे भय इतके खरे आहे, की दहा सेंट काढून पान उलटल्यावाचून पाहणाराला गत्यंतर उरत नाही. प्रकाशकांना हे चित्र अतिरंजित वाटले आणि हा पुरुष, म्हणजे सुपरमॅन, पुन्हा मुखपृष्ठावर यायला सातवा अंक उजाडला. माझ्या मते मुखपृष्ठाच्या कलेचे मर्म येथेच आहे : कथेतील घटना सांगणे हे तिचे काम नसून, घटनेच्या उंबरठ्यावर वाचकाला आणून उभे करणे हे तिचे काम आहे. दुकानातल्या घडवंचीवर अंक एकमेकांवर अर्धवट चढवून मांडलेले असत आणि प्रत्येकाचा खालचा भाग झाकला जाई, म्हणून नाव सदैव माथ्यावर. चार हात अंतरावरून चित्र कळले पाहिजे, म्हणून रंग थोडे आणि ठाम. ही बंधने पाळूनच ज्याला काही बोलायचे होते, तो चित्रकार कमी प्रतीचा मानण्याचे कारण मला दिसत नाही.

या चित्रांची शक्ती केवढी होती याचा दाखला खुद्द सरकारदरबारी आहे. एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स यांची जबानी झाली, तेव्हा त्यांच्यासमोर जॉनी क्रेग यांनी काढलेले ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या बाविसाव्या अंकाचे मुखपृष्ठ धरण्यात आले; त्यावर एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे तोडलेले शिर धरलेला मनुष्य होता. हे सुरुचीला धरून आहे काय, असे विचारले गेले आणि भयकथेच्या अंकापुरते आहे, असे गेन्स यांनी उत्तर दिले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर नियमावली लादून घेतली आणि पुढे कित्येक वर्षे मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात संमतीचा शिक्का उमटत राहिला. क्रेग यांचे ते चित्र मला आवडत नाही, हे स्पष्टपणे सांगतो. पण अशा छापील कागदांनी राज्यकर्त्यांना चौकशी मांडावयास लावले, ही गोष्ट त्यांना क्षुद्र म्हणणाऱ्यांनी ध्यानी घ्यावी.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो, कारण माझा जीव तेथे गुंतलेला आहे. मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, पुढे ते मराठीसह अनेक भाषांतून निघू लागले, आणि १९९० मध्ये बंद पडेपर्यंत त्याचे आठशेहून अधिक अंक निघाले. आतील मजकूर मुख्यतः परदेशी होता. ली फॉक यांनी निर्माण केलेला वेताळ हा नायक १९३६ पासून अमेरिकन वृत्तपत्रांत पट्टीच्या रूपाने चालत आला होता, आणि त्याच पट्ट्या कापून, जुळवून, रंगवून येथे पुस्तक तयार होई. परंतु वृत्तपत्रातील पट्टीला मुखपृष्ठ नसते! ते येथेच रंगवावे लागले, आणि आरंभीच्या अनेक अंकांसाठी ते गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगविले. आतली पाने परदेशची, पण दर्शनी चित्र मुंबईच्या कुंचल्याचे, असा हा संसार होता. वेताळाचा वेष इटलीत लाल, स्वीडनमध्ये निळा, अमेरिकेत जांभळा. आपल्याकडे तो आधी निळा होता आणि मग जांभळा झाला. बंगाल्ला या त्याच्या देशाचे नाव आपल्या बंगालशी गल्लत होऊ नये म्हणून बदलून डेंकाली केले गेले. म्हणजे परक्या नायकाला या भूमीत रुजविण्याचे काम भाषांतरकाराइतकेच चित्रकारानेही केले. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादुर’ निर्माण केला, त्याचेही चित्रण ब्राह्मणिया यांचेच. भगव्या कुर्त्यातील आणि जीन्समधील तो तरुण पाहिला, की परक्या शैलीने घेतलेले हे देशी वळण डोळ्यांत भरते.

माझ्या संग्रहातील एका अंकाची हकिकत सांगतो. पुण्यात रद्दीच्या दुकानातून मला वेताळाचा एक मराठी अंक मिळाला, तो कोण्या वाचनालयाचा होता. त्याला खाकी कागदाचे वेष्टन घालून, कडेला दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवलेले होते आणि पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का होता. ज्या चित्रासाठी मुलांनी अंक उचलायचा तेच झाकून टाकलेले पाहून माझा प्रथम संताप झाला. घरी येऊन दोरा कापला, वेष्टन अलगद बाजूला केले, आणि मुखपृष्ठावरील झाडीचा हिरवा रंग काल छापल्यासारखा ताजा निघाला; झाडांच्या पानांच्या कडांवर कुंचल्याने सोडलेले फटकारेसुद्धा छपाईत उतरलेले स्पष्ट दिसत होते. मात्र उजव्या वरच्या कोपऱ्यात, जेथे खाकी कागद फाटला होता, तेवढ्याच त्रिकोणात तोच हिरवा उडून करडा पडला होता. उजेड चित्राचे काय करतो, हे मला त्या दोन बोटांच्या त्रिकोणाने शिकविले, आणि त्या अनाम ग्रंथपालाविषयीचा माझा राग तेथेच ओसरला.

संग्रहाविषयी थोडेच बोलतो. अमेरिकेत अर्ध्या गुणापासून दहा गुणांपर्यंत प्रतवारी करून अंक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद करण्याची पद्धत आहे, आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची साडेआठ गुणांची एक प्रत ६० लक्ष डॉलरांना विकली गेली. बाजाराचे व्यवहार बाजाराला लखलाभ असोत; जो अंक पुन्हा उघडता येत नाही, त्याच्या मुखपृष्ठाने दिलेले आमंत्रण व्यर्थ गेले, असे मी समजतो. प्रत फाटकी असली तरी चालेल, चित्र पुरे असावे. तिला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढाव्या, आम्लविरहित पुठ्ठ्याचा आधार देऊन पॉलिएस्टरच्या पाकिटात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी, उभी ठेवावी. कोकणपट्टीतल्या दमट हवेत कसर आणि बुरशी पाठ सोडीत नाहीत, म्हणून निदान दर पावसाळ्यानंतर प्रत्येक अंक हाताळून पाहावा.

यांहून मोठी निकड नावांची आहे. कित्येक मुखपृष्ठांवर सही नाही, कित्येकांची सही छाटणीत गेली, आणि ज्यांना हे चित्रकार ठाऊक होते ती माणसे वयाने थकत चालली आहेत. तुमच्या घरी माळ्यावरील ट्रंकेत असे अंक असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उजेडात आणून सही शोधा. आणि कोणाच्या वडिलांनी, काकांनी, शेजाऱ्यांनी छापखान्यात वा चित्रशाळेत हे काम केले असेल, तर त्यांच्याजवळ बसून कोणता अंक कोणी रंगविला हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. हे काम याच वर्षी व्हावे, अशी माझी तुम्हां सर्वांना विनंती आहे.